अण्णांच्या खोलीतलं काहीही हलवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: वडील, म्हणजे अण्णा, नाशिकमधल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. आयुष्यभर गोदाघाटाची जलरंगचित्रं काढली. दीड वर्षापूर्वी ते गेले, आई त्याआधीच गेली होती. पंचवटीतलं दुमजली कौलारू घर बंद आहे. आम्ही तीन भावंडं, मी एकटीच नाशकात. एका बिल्डरची विचारणा चालू आहे, पण घर टिकावं आणि बाहेरच्या चित्रकारांनी तिथे महिनाभर राहून काम करावं असं मनात आहे. माडीवरची अण्णांची खोली रंगाच्या डागांनी भरलेली आहे. आईने वैतागून जमिनीवर रेक्झिन अंथरलं होतं, ते अजून तसंच आहे. दिवाळीआधी साफसफाई, रंगकाम आणि ॲल्युमिनियमची सरकती खिडकी एवढं उरकायचं ठरतंय. पुढे काय करावं?

ताई, पुढचं सगळं सांगतो, पण आधी दिवाळीची ती साफसफाई थांबवा. रंगाऱ्याला दिलेला विसार बुडाला तरी चालेल.

मी पंचवीस वर्षं जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. गेली अकरा वर्षं एका दिवंगत चित्रकाराच्या घरात राहायला येणाऱ्या चित्रकारांची व्यवस्थाही पाहतो. त्या घराचं काम हाती घेतलं तेव्हा मागच्या खोलीतली एक भिंत हातभर उंचीच्या पट्ट्यात रंगाच्या फटकाऱ्यांनी बरबटलेली होती. निळे, करडे, मातकट, एकावर एक. मला ते डाग वाटले. दोन हात चुन्याचे मारून मी ती भिंत पांढरीशुभ्र करून टाकली आणि समाधानाने घरी गेलो. चार महिन्यांनी त्या चित्रकाराचा एक जुना विद्यार्थी घर बघायला आला. खोलीत शिरला आणि म्हणाला, "सरांची भिंत कुठे गेली?" सर रंग कालवला की कागदावर लावण्याआधी त्या भिंतीवर लावून बघत. वाळल्यावर रंग किती उतरतो ते तिथे कळे. कधी शेजारी पेन्सिलीने महिना लिहीत. आषाढातलं आभाळ, माघातलं आभाळ, सगळं त्या पट्ट्यात होतं. ते परत आणता येत नाही. ती चूक माझी होती आणि त्यानंतर प्रत्येक घरात मी पहिला आठवडा कशालाही हात न लावता नुसता बघत बसतो.

तुम्हीही तसंच करा. फ्रान्सिस बेकन या चित्रकाराचा लंडनमधला स्टुडिओ १९९८ मध्ये डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला मिळाला. खोली म्हणजे उकिरडा वाटावा अशी: फाटके फोटो, रंगाचे डबे, चिंध्या, दारावरच रंग कालवलेला. गॅलरीने तिथे साफसफाईवाले न पाठवता पुरातत्त्वाची माणसं पाठवली. उत्खननात करतात तसा खोलीचा नकाशा काढला, भिंतींची मापं घेतली, कुठली वस्तू कशाच्या वर कशाच्या खाली होती ते टिपलं. सात हजारांहून अधिक वस्तूंची नोंद झाली, आणि २००१ मध्ये ती खोली, भिंती आणि धुळीसकट, डब्लिनमध्ये उभी राहिली. एवढा खटाटोप आपल्याला झेपणार नाही, पण त्यामागचा विचार झेपेल. आलेखाच्या कागदावर खोलीचा नकाशा काढा. जमिनीवर दोरीने दोन-दोन फुटांचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनाचा वरून फोटो घ्या. चारही भिंतींचे, फडताळाच्या प्रत्येक खणाचे, कोनाड्यांचे फोटो घ्या. मग एकेक वस्तू उचला, क्रमांक द्या, नोंदवहीत लिहा. वाळलेला रंग तसाच असलेली पॅलेट धुवायची नाही. ब्रश धुवायचे नाहीत. अर्धवट चित्र अर्धवटच ठेवायचं, कुणी कितीही जवळचा विद्यार्थी "मी पूर्ण करून देतो" म्हणाला तरी. चित्रांवर सही नसेल तर शिक्का मारायचा मोह टाळा. सही नसलेलं चित्र अण्णांचं आहे हे नोंदवहीने सिद्ध होतं; मागाहून मारलेल्या शिक्क्याने उलट सगळ्याच चित्रांबद्दल शंका निर्माण होते.

हे काम एकटीने करू नका. अण्णा शाळेत होते, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला त्यांनी बसवलेली शेकडो मुलं आज चाळिशी-पन्नाशीत असतील. त्यांतली दहा जरी आली तरी तुमचं घर उभं राहिलं म्हणून समजा. एकेक चित्र समोर धरा आणि त्यांना बोलू द्या. हा घाट कुठला, कोणत्या साली काढलं, बरोबर कोण होतं. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा. नाशकात हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथे घाटावर बसून जलरंगात काम करायची परंपराच आहे. शिवाजी तुपे यांची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या परंपरेत अण्णांनी एकाच घाटावर तीस-चाळीस वर्षं काम केलं असेल, तर त्या चित्रांत घाट कसकसा बदलला याचीही नोंद आहे. नारोशंकराच्या मंदिरापुढच्या पायऱ्या, दुतोंड्या मारुतीभोवतीचं पाणी, काँक्रीट होण्याआधीचा काठ. हे पुढे इतिहासाच्या अभ्यासकालाही लागेल.

चित्रांचं आता. जलरंगाचे तीन वैरी: उजेड, ओल आणि कसर. बंद घरात लोखंडी कपाटात गठ्ठा करून ठेवलेली चित्रं पावसाळ्यात बुरशी धरतात. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला रान मोकळं. छोटा आर्द्रतामापक फार महाग नसतो, आजच आणून खोलीत ठेवा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. लॅमिनेशन अजिबात करू नका, ते चित्र पुन्हा सुटं होत नाही. सेलोटेप नको, पंचिंग नको. मागच्या बाजूला कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक, पेनने नाही. आम्लविरहित कागदाच्या घड्यांमध्ये आडवी ठेवा. भिंतीवर लावायची झाली तर जलरंगासाठी प्रकाश ५० लक्सच्या आसपास हवा, म्हणजे आपल्याला अंधुक वाटेल इतका. आणि एक चित्र वर्षातले तीन महिने भिंतीवर, बाकीचे नऊ महिने पेटीत. बुरशी आधीच लागली असेल तर घरी ब्रशने झटकू नका, ती सगळ्या चित्रांवर पसरेल. वेगळी काढून ठेवा आणि कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा.

कागदपत्रांत मी वकील नाही, पण या कामात जिथे घरं अडकलेली पाहिली तेवढं सांगतो. मृत्युपत्र नसेल तर तुम्ही तिघं भावंडं समान वारस आहात, मुलगी म्हणून तुमचा वाटा तसूभरही कमी नाही. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) तिघांची वारस नोंद झाल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. मग तिघांनी बसून ठरवा: घर विश्वस्त संस्थेच्या नावे करायचं, की मालकी कुटुंबाकडे ठेवून संस्थेला वापरायला द्यायचं. माझं मत स्पष्ट आहे. भावंडांचं पटत असेल तेव्हाच घर संस्थेच्या नावे करून टाका. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांसाठी १९५० चा कायदा आहे आणि त्याच्या कलम ३६ प्रमाणे संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. लोकांना ही अडचण वाटते. मला ते कुंपण वाटतं, कारण वीस वर्षांनी पुढच्या पिढीला बिल्डर पुन्हा विचारणारच आहे. मात्र एकदा दिलं की ते तुमचं नाही, हे तिघांनी मनापासून मान्य करायला हवं. कोल्हापुरात राजारामपुरीतलं आपलं घर नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी शासनाकडे सोपवलं आणि ते आज त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे; तोही एक मार्ग आहे, पण तिथे चित्रकारांनी राहून काम करावं ही तुमची इच्छा शासकीय चौकटीत बसवणं अवघड जाईल.

घर, चित्रं आणि चित्रांचा कॉपीराइट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तीन वेगळे कागद लागतात. अण्णांनी चित्र विकलं तरी, लेखी दिलं नसेल तर, त्याचा कॉपीराइट सहसा त्यांच्याकडेच राहिला आणि आता तो वारसांकडे आला. ते गेले त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं तो टिकेल. संस्थेला तो द्यायचा असेल तर लेखी द्या, आणि मुदत व प्रदेश दोन्ही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती फक्त पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. हे माहीत नसल्याने एका कुटुंबाला सहाव्या वर्षी सगळे कागद पुन्हा करावे लागलेले मी पाहिलेत.

आता माझ्या आवडीचा भाग, घर.

दीड वर्ष बंद घर म्हणजे पहिलं काम खिडक्या उघडण्याचं. रोज कुणीतरी दोन तास दारं-खिडक्या उघडून बसावं, त्यानेच बरीच ओल जाते. दुसरं काम छप्पर. कौलं चाळून घ्या, फुटकी बदला, रीपा कुजल्यात का बघा, पन्हळीतला पाला काढा. वरून पाणी थांबल्याशिवाय खाली एक रुपयाही खर्च करू नका. तिसरं, तुळया. तुळई सहसा मधे सडत नाही, भिंतीत शिरते तिथे सडते. साधा पेचकस घेऊन त्या टोकाशी टोचून बघा. सागवान असेल तर टणक आवाज येऊन पेचकस परत येईल. वाळवीने खाल्लं असेल तर लोण्यात गेल्यासारखा आत जाईल.

भिंतींबाबत रंगारी आणि कंत्राटदार तुम्हाला सांगतील, "ताई, जुना गिलावा खरवडून सिमेंटचा करून टाकू, पन्नास वर्षं बघायला नको." तिथे ठामपणे नाही म्हणा. पंचवटीतल्या जुन्या भिंती म्हणजे खाली काळा दगड, वर पातळ विटा, मधे माती नाही तर चुना. जमिनीतली ओल त्या भिंतींतून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत निघून जाते. वर सिमेंट थापलं की ती ओल आत कोंडते, आणखी वर चढते, तुळईच्या टोकापर्यंत पोचते. दोन पावसाळ्यांत लोणा, म्हणजे भिंतीतला खार, वर येतो आणि सिमेंट पापुद्र्यासारखं सुटतं, सोबत विटेचा तोंडवळा घेऊन.

माझ्याबरोबर एक वयस्कर मिस्त्री होते, ते भिंतीशी आधी बोटाच्या सांध्याने बोलायचे. हात वर करून टकटक करत खाली यायचे, डोळे मिटून. जिथे आवाज पोकळ येई तिथे खडूने गोल काढायचे. दिवसाच्या शेवटी सगळ्या भिंतीवर पाच-सहा गोल उरत. तेवढाच गिलावा काढायचा, तेवढाच नवा भरायचा, बाकीच्याला धक्का लावायचा नाही. चुना आधी पुष्कळ दिवस पाण्यात मुरवलेला, एकाला तीन रेती, वर गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. गिलावा लावला की गोणपाट ओलं करून भिंतीवर टांगायचं, दोन आठवडे. घाई केली की तडे. असे मिस्त्री आज कमी आहेत, पण आहेत, आणि त्यांच्या हाताखाली दोन तरुण पोरं लावून दिलीत तर घराबरोबर ती विद्याही चार वर्षं पुढे जाईल.

सरकत्या खिडकीबद्दल. अण्णांची खिडकी पूर्वेला आहे असं तुम्ही लिहिलंय. चित्रकार सहसा उत्तरेचा उजेड शोधतात, कारण तिकडून ऊन फारसं आत येत नाही आणि दिवसभर प्रकाश बराचसा सारखा राहतो. अण्णांनी पूर्वेची खिडकी निवडली, म्हणजे त्यांना सकाळचंच ऊन हवं होतं आणि ते पहाटेपासून नऊ-दहापर्यंतच काम करत असणार. त्यांच्या चित्रांतल्या सावल्या कुठे पडतात ते बघा, बहुतेक जुळेल. त्या घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट हा उजेड आहे. लाकडी चौकट, जुन्या काचेतली थोडी लहर, दारं किती अंशात उघडतात, यातलं काही बदललं की तो उजेड बदलतो. चौकट कुजली असेल तर कुजलेला तुकडा कापून तिथे सागाचा तुकडा सांधा. काच फुटली असेल तेवढीच बदला.

पुराचंही बघून घ्या. २००८, २०१६ आणि २०१९ हे तिन्ही पूर तुम्ही पाहिलेत. २००८ नंतर पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं त्याच्या हद्दी, आखली. तुमचं घर कुठल्या रेषेत येतं ते महापालिकेत विचारा, परवानग्या त्यावर ठरतात. आणि काहीही झालं तरी चित्रं, नोंदवह्या, विजेचा मुख्य बोर्ड तळमजल्यावर ठेवू नका.

एक धोका लोकांना ठाऊक नसतो म्हणून वेगळा सांगतो. तैलरंगात काम करणारा चित्रकार राहायला आला, जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली आणि झोपला, तर ती चिंधी आपोआप पेटू शकते. तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं, तापतं, आणि चुरगळलेल्या घडीत ती उष्णता बाहेर पडत नाही. लाकडी माडी आणि कडीपाटाच्या घरात हा विषय हसण्यावारी नेऊ नका. झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, चिंध्या त्यातच, आणि तैलरंगाचं काम फक्त तळमजल्यावर.

आता चित्रकारांना बोलावण्याबद्दल. तुम्ही एका वेळी सहा जण, परदेशातले दोन, असं लिहिलंय. पहिलं वर्ष एका वेळी एकच माणूस बोलवा, चार ते सहा आठवडे, आणि तोही महाराष्ट्रातलाच. त्यातून कळतं की माडीवर रात्री किती गार पडतं, पाण्याची टाकी पुरते का, शेजारच्यांना रात्री अकराला दिवा चालतो का. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे करावी लागते, व्हिसाचा प्रकार बघावा लागतो. ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. पावसाळ्यात जलरंग वाळत नाही म्हणून चित्रकार कुरकुरतात, काहींना नेमका तोच पावसाळा हवा असतो. मी ऑक्टोबर ते मार्च धरतो. आणि २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीत काय गर्दी असेल ते मी तुम्हाला सांगायला नको. गर्दी रंगवायची असेल अशालाच तेव्हा बोलवा.

अमेरिकेत मॅकडॉवेल नावाच्या संगीतकाराच्या शेतावर १९०७ पासून अशी सोय चालू आहे. तिथला एक रिवाज मला फार आवडतो: दुपारचं जेवण टोपलीत भरून प्रत्येकाच्या स्टुडिओच्या दाराशी गुपचूप ठेवून देतात, दार वाजवत नाहीत. आपल्याकडे पाहुणचार म्हणजे दर तासाला "चहा घेता का?" ते प्रेम असतं, पण काम करणाऱ्याची समाधी मोडते. आमच्या घरी ज्या मावशी स्वयंपाक करतात त्या डबा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवतात. दुपारी दोनला डबा तिथेच असला तर त्या वर जात नाहीत, भाजी पुन्हा गरम करून ठेवतात. एका चित्रकार मुलीने महिनाभराचं काम संपल्यावर मला ती पायरी रंगवून दिली होती, डब्यासकट. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर चित्रकार विवान सुंदरम यांनी १९७६ मध्ये हिमाचलमधल्या कसौलीतल्या आपल्या घरच्या वास्तूत सुरू केलेलं केंद्र. एका कुटुंबाच्या घरात चित्रकार एकत्र आले, राहिले, भांडले, आणि त्यातून आपल्या चित्रकलेत पुष्कळ काही घडलं. मोठी इमारत लागली नाही.

येणाऱ्याशी दोन पानी करारपत्र करा, मराठीत. किती दिवस, काय मिळणार, काय मिळणार नाही, कुठली खोली वापरायची, काढलेलं काम कुणाचं. बरीच ठिकाणं जाताना एक चित्र ठेवून घेतात. मला ते पटत नाही; राहण्याचं भाडं चित्राने वसूल केलं की लोक उरलेसुरलेलं चित्र ठेवून जातात, आणि दहा वर्षांत तुमच्याकडे कुणालाच नको असलेली पन्नास चित्रं जमतात. त्याऐवजी एक शनिवार मागा. त्या दिवशी अण्णांच्या शाळेतली मुलं येतील, चित्रकार त्यांच्याबरोबर घाटावर बसेल. निवड तुम्ही भावंडांनी करू नका. बाहेरचे तीन जण नेमा आणि दर तीन वर्षांनी बदला.

आणि अण्णांची खोली? पहिलं वर्षभर तिथे कुणीही काम करणार नाही, नोंद पूर्ण होईपर्यंत. पण कायमची दोरी लावून बंद ठेवू नका. टिळकवाडीत तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं, घर आपण बघायला जातो, त्यांच्या वस्तूंपुढे उभं राहतो, आणि ते तसंच असावं. चित्रकाराच्या खोलीचं मात्र मला वेगळं वाटतं. नोंद झाली, पॅलेट आणि ब्रश काचेआड गेले, की त्या खिडकीशी सकाळी सहा ते दहा एका माणसाला जलरंग घेऊन बसू द्या. तैलरंग नाही, खिळे नाहीत, भिंतीला टेकून काही नाही. त्या उजेडात दुसऱ्या कुणाला काय दिसतं ते कळायला हवं.

शेवटी ते रेक्झिन. अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉक न्यूयॉर्कजवळच्या ज्या कोठारात जमिनीवर कॅनव्हास अंथरून काम करायचा, त्याची जमीन १९५३ मध्ये लाकडी लाद्यांनी झाकली गेली होती. तो १९५६ मध्ये गेला. तीस वर्षांनी लाद्या उचलल्या तर खाली त्याच्या गाजलेल्या चित्रांचे ओघळ जसेच्या तसे होते. आज लोक मऊ सपाता घालून त्या जमिनीवर चालतात. आईने वैतागून अंथरलं असलं तरी त्या रेक्झिनने खालची फळी वर्षानुवर्षं झिजू दिलेली नाही. सगळं ओढून काढू नका, रंग चिकटलेला असेल तर सोबत उचकटून येईल. खिडकीजवळचा एक कोपरा, वीतभर, हलक्या हाताने उचला आणि कललेल्या उन्हात फोटो काढून मला पाठवा. सकाळी आठच्या आधी काढा.